तूट किती आणि तोटा किती?

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यास ठरलेला माल कमी पडला, तर त्याचें नुकसान किती झालें हें कसें मोजावें, हा तो विषय. शाकाहारी श्रोते म्हणतील, "आम्हांला याच्याशीं काय कर्तव्य?" आणि मांसाहारी म्हणतील, "आम्ही खाणारे, हिशेब दुकानदाराचा." परंतु थोडा धीर धरावा. कोंबडीच्या जागीं दूध, आंबे, कापूस किंवा लग्नांतले लाडू घातले, तरी हा हिशेब बदलत नाहीं. मांसाचें उदाहरण घेण्याचें कारण एवढेंच कीं, हा माल रोजचा आहे, नासणारा आहे, आणि त्याचें वजन वाटेंत व कारखान्यांत सारखें बदलत असतें. त्यामुळें अशा हिशेबांत होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच धंद्यांत एकत्र पाहावयास मिळतात.

माझें आयुष्य शाळेंत गणित शिकविण्यांत गेलें. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाहीं. तरीहि या विषयांत मला शिरावें लागलें, तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. कोंबड्या साफ करून, तुकडे करून, थंड करून त्या हॉटेलांना व खाणावळींना पुरविण्याचा लहानसा कारखाना तो चालवितो. एके दिवशीं सायंकाळीं तो एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, एवढी बेरीज तपासून द्या. उद्यां वकिलाकडे जावयाचें आहे."

हकीकत अशी होती. एका पोल्ट्रीवाल्यानें तीस दिवस रोज १,००० किलो जिवंत कोंबड्या, किलोस १०० रुपये दरानें, द्यावयाच्या असा लेखी करार होता. आपणांस ऐकतां ऐकतां हिशेब करतां यावा म्हणून आंकडे मीं गोल केले आहेत. पहिले वीस दिवस माल पुरा आला. शेवटचे दहा दिवस मात्र रोज ६०० किलोच आला. म्हणजे रोज ४०० किलोंची आणि एकंदर ४,००० किलोंची तूट.

माझ्या विद्यार्थ्यानें मांडलेला हिशेब ऐका. जिवंत वजनापैकीं शेंकडा सत्तर साफ केलेलें मांस म्हणून हातीं येतें, तेव्हां २,८०० किलो मांस गेलें. विक्रीचा भाव किलोस २०० रुपये, तेव्हां ५,६०,००० रुपये बुडाले. शिवाय कामगार अर्धा वेळ बसून राहिले, त्यांच्या पगाराचे ४०,०००. एकूण सहा लाख रुपये. आणि योगायोग असा कीं, त्या दहा दिवसांत जो ६,००० किलो माल आला होता, त्यापोटीं पोल्ट्रीवाल्याचें देणेंहि बरोबर सहा लाखच होतें. "त्याचे सहा लाख, माझे सहा लाख. फिट्टंफाट! एक पैसा देणार नाहीं," असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें होतें.

मीं बेरीज दोनदां तपासली. ती बरोबर होती. परंतु हें उदाहरण बेरजेचें नव्हतेंच. तें वजाबाकीचें होतें. आणि त्या चुकीच्या खालीं दुसऱ्या एका माणसाचा संसार सांपडला होता. पोल्ट्रीवाल्यानें पक्ष्यांचें खाद्य उधारीनें आणलेलें होतें. हे सहा लाख हातीं आले नाहींत, तर पुढची पिल्लें कशानें आणावयाचीं, हा त्याच्यापुढें प्रश्न होता. त्याची कसूर झाली होती हें खरें. परंतु कसुरीची शिक्षा किती, हें रागानें ठरवावयाचें कीं हिशेबानें?

आपल्या देशांत अशा भांडणांचा निकाल मुख्यतः १८७२ सालच्या करारांच्या कायद्यानें लागतो. त्याच्या ७३ व्या कलमाचा मथितार्थ असा आहे: करार मोडल्यामुळें नेहमींच्या व्यवहारक्रमानें जें नुकसान स्वाभाविकपणें होतें, किंवा जें होण्याचा संभव आहे हें करार करतांनाच उभय पक्षांना ठाऊक होतें, त्याची भरपाई मिळावी. दूरच्या व आडवळणाच्या नुकसानीची मिळूं नये. आणि नुकसान मोजतांना, तें टाळण्याचीं कोणतीं साधनें हाताशीं होतीं, हेंहि लक्षांत घ्यावें. या कलमाखालीं कायदा करणारांनीं उदाहरणें दिलीं आहेत, शालेय पुस्तकांत देतात तशीं. त्यांतील पहिलें उदाहरण सोऱ्याचें आहे. एकानें दुसऱ्यास पन्नास मण सोरा ठराविक किंमतीस देण्याचें कबूल केलें आणि तो दिला नाहीं, तर भरपाई किती? सोऱ्याची सारी किंमत नव्हे. ज्या वेळीं माल द्यावयाचा होता त्या वेळीं तसाच सोरा ज्या भावानें मिळाला असता, तो भाव करारांतल्या भावाहून जितका अधिक, तितकीच भरपाई. भाव चढलेला नसेल तर कांहींच नाहीं.

म्हणजे कायद्याचा प्रश्न असा: करार पाळला गेला असता तर हा मनुष्य कोठें असता, आणि आज तो कोठें आहे? या दोहोंमधील अंतर म्हणजे तोटा. मालाची तूट तराजूवर मोजतां येते. हें अंतर मात्र कागदावरच काढावें लागतें. आम्हीं दोघे तें काढावयास बसलों.

पहिली वजाबाकी खरेदीच्या किंमतीची. जो ४,००० किलो माल आला नाहीं, त्याचे चार लाख रुपये द्यावेहि लागले नाहींत. ५,६०,००० मधून ते गेले, उरले १,६०,०००. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा येथेंच उतरला.

दुसरी वजाबाकी वांचलेल्या खर्चाची. बर्फ, पिशव्या, वीज आणि पोंचविण्याचें भाडें मिळून किलो मांसामागें त्याला १० रुपये लागत. २,८०० किलोंचे २८,००० रुपये वांचले, उरले १,३२,०००. येथें एक विवेक ठेवावा लागतो. जो खर्च माल न आल्यामुळें खरोखर वांचला, तोच वजा करावयाचा. कारखान्याचें भाडें, कर्जाचें व्याज आणि कामगारांचे मासिक पगार हे माल येवो न येवो, द्यावेच लागतात. म्हणून ते वजा करावयाचे नाहींत.

मग ते ४०,००० रुपये पगाराचे निराळे कां मागूं नयेत? कारण हे जे १,३२,००० उरले, त्यांतूनच पगार, भाडें व व्याज भागावयाचें होतें आणि त्यानंतर नफा राहावयाचा होता. ही रक्कम मागितली म्हणजे त्यांत पगार आलाच. तो पुन्हां मागणें म्हणजे तेच तांदूळ दुसऱ्यांदा मापांत घालण्यासारखें आहे. ही चूक इतकी साळसूद असते कीं, शिकलेल्या माणसांच्याहि कागदांत ती सांपडते.

त्याच्या बाजूची एक जमा मात्र तो विसरला होता. कलेजी, पाय वगैरे जिन्नस वेगळे विकून जिवंत वजनाच्या किलोमागें त्याला २ रुपये सुटत. तूट पडल्यामुळें तेहि ८,००० रुपये गेले होते. ते मिळविल्यावर रक्कम १,४०,००० झाली; म्हणजे न आलेल्या प्रत्येक किलोमागें ३५ रुपये. हिशेब प्रामाणिक असावयाचा तर तो आपल्याविरुद्ध जितका कडक, तितकाच आपल्या बाजूनेंहि पुरा असला पाहिजे.

इतकें झाल्यावर मीं त्याला विचारलें, "या दहा दिवसांत तूं दुसरीकडून माल घेतलास कीं नाहींस?" तो थोडा घुटमळला. २,५०० किलो त्यानें बाजारांतून ११२ रुपये भावानें घेतला होता. ही गोष्ट कागदावर आलीच नव्हती! आतां या २,५०० किलोंपुरती त्याची विक्री बुडालेली नाहीं. तो माल त्यानें साफ करून नेहमींप्रमाणें विकला. त्याचा तोटा फक्त चढ्या भावाचा: किलोमागें १२ रुपये, म्हणजे ३०,०००, आणि दुरून माल आणण्याचें जादा भाडें ५,०००. मिळून ३५,०००. उरलेला १,५०० किलो माल मिळालाच नाहीं. त्याचा तोटा किलोमागें ३५ रुपयांप्रमाणें ५२,५००. एकंदर ८७,५०० रुपये. सहा लाखांचे साडेसत्याऐंशी हजार झाले.

येथेंहि एक प्रश्न उरतो. तो १,५०० किलो माल बाजारांत मिळत असतां त्यानें घेतला नसेल तर? जादा भाव १२ आणि जादा भाडें २, असा किलोमागें १४ रुपयांचा तोटा सोसून त्याला आपलें गिऱ्हाईक सांभाळतां आलें असतें. मग त्या मालापुरती भरपाई २१,००० आणि एकूण ५६,००० एवढीच होईल. हातावर हात ठेवून बसल्यामुळें वाढलेला तोटा दुसऱ्याच्या खात्यावर टाकतां येत नाहीं. सुदैवानें "आज पक्षी शिल्लक नाहींत" असे दोन व्यापाऱ्यांचे त्या त्या दिवसांचे संदेश त्याच्याजवळ होते. तेव्हां ८७,५०० हा आंकडा टिकला.

आतां बाजारभाव म्हणजे कोणत्या बाजारचा व कोणत्या दिवशींचा? १९६१ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें मुरलीधर चिरंजीलाल या पेढीच्या खटल्यांत याचें उत्तर दिलें आहे. कॅनव्हासचा माल कानपूर येथें रेल्वेंत भरून द्यावयाचा होता व तेथून तो कलकत्त्यास जावयाचा होता. माल दिला गेला नाहीं. घेणारानें कलकत्त्याचा भाव दाखवून भरपाई मागितली. न्यायालयानें म्हटलें कीं, माल कानपुरास द्यावयाचा होता, तेव्हां करार मोडल्याच्या सुमारास कानपुरास काय भाव होता तें दाखवावयास हवें होतें. तें दाखविलेलें नव्हतें. म्हणून मागणी फेटाळली गेली. कराराचा भंग झाला होता, तरी एका गांवाच्या भावाऐवजीं दुसऱ्या गांवाचा भाव मांडल्यानें हातीं कांहीं लागलें नाहीं.

मांसाच्या धंद्यांत यापुढें जाऊन वजनाचेंहि ठिकाण ठरवावें लागतें. जिवंत पक्षी गाडींत तासन्‌तास राहिले कीं त्यांचें वजन घटतें. साफ केलेलें मांस थंड पाण्यांत ठेवलें कीं पाणी शोषून वजन वाढतें. तेव्हां ६०० किलो माल आला, तो पोल्ट्रीवाल्याच्या दारीं मोजलेला कीं कारखान्याच्या फाटकावर? शेंकडा सत्तर उतारा धरला, तो पाणी निथळल्यावरचा कीं आधींचा? शिवाय माल पुरा आला त्या दिवशीं कारखाना खरोखर १,००० किलो उरकत होता काय? तो ९०० किलोच उरकत असेल, तर त्याचा बुडालेला धंदा रोज ४०० किलोंचा नसून ३०० किलोंचा होय. माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वीस दिवसांच्या वहींत या प्रश्नांचीं उत्तरें होतीं, म्हणून त्याचा निभाव लागला.

यानंतर त्यानें खिशांतून दुसरी चिठ्ठी काढली. माल कमी पडल्यामुळें एका हॉटेलानें त्याच्याशीं असलेला वर्षाचा व्यवहार तोडला होता. त्याचे लाखभर रुपये धरावेत काय, असें त्यानें विचारलें. या प्रश्नाचें उत्तर विलायतेंतील दोन जुन्या खटल्यांवरून चांगलें समजतें. पहिला १८५४ सालचा हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल. ग्लॉस्टर येथील एका गिरणीच्या एंजिनाचा दांडा मोडला. तो नमुन्यादाखल ग्रिनिच येथें पाठवावयाचा होता. वाहतूकदारानें दिरंगाई केली आणि तितके दिवस गिरणी बंद राहिली. त्या दिवसांचा बुडालेला नफा मालकास मिळाला नाहीं. कारण या दांड्यावांचून गिरणी बंद पडून राहील, ही विशेष परिस्थिति वाहतूकदारास कळविलेली नव्हती, असें न्यायालयानें धरलें. दुसरा १९४९ सालचा व्हिक्टोरिया लाँड्रीचा. कपडे धुण्याच्या कारखान्याला बॉयलर पांच महिने उशिरा मिळाला. त्या काळांतील नेहमींच्या धंद्याचा नफा भरपाईंत धरतां येईल, परंतु सरकारी खात्याकडून मिळावयाच्या खास किफायतशीर कामांचा तसा धरतां येणार नाहीं, असें अपील न्यायालयानें ठरविलें. कारण त्या कामांची विकणाराला कल्पना नव्हती. आपल्या ७३ व्या कलमाचें तत्त्व हेंच आहे. आपला माल कारखान्यांत साफ होऊन विकला जातो, हें पोल्ट्रीवाल्यास ठाऊक होतें. म्हणून नेहमींचा नफा धरला. त्या हॉटेलाच्या व्यवहाराविषयीं त्याला कोणींच कधीं सांगितलेलें नव्हतें. ती चिठ्ठी परत खिशांत गेली.

आतां उलट बाजू पाहूं. माल घेणारा कितीहि बलाढ्य असला तरी त्यालाहि हा हिशेब चुकत नाहीं, हें दाखविणारा एक प्रसिद्ध खटला आहे. १९४७ सालच्या फेब्रुवारींत व मार्चांत मौला बक्ष नांवाच्या कंत्राटदारानें हिंदुस्थान सरकारशीं दोन करार केले. संयुक्त प्रांत विभागाच्या लष्करी मुख्यालयास एका करारानें बटाटे आणि दुसऱ्या करारानें कोंबड्या, अंडीं व मासे पुरवावयाचे होते. पहिल्यासाठीं १०,००० आणि दुसऱ्यासाठीं ८,५०० रुपये त्यानें अनामत ठेवले. ठरलेला माल नियमितपणें व पुरा न दिल्यास करार रद्द करून अनामत जप्त करण्याची मुभा सरकारला होती. मौला बक्षकडून पुरवठ्यांत वारंवार कसूर झाली. वर्षाच्या अखेरीस सरकारनें दोन्ही करार रद्द केले आणि १८,५०० रुपये सरकारजमा केले.

मौला बक्षनें दावा लावला. करार रद्द करणें योग्य होतें, परंतु नुकसान झाल्याचें दिसत नसतां अनामत ठेवून घेणें योग्य नव्हतें, असा पहिल्या न्यायालयाचा निर्णय पडला. उच्च न्यायालयानें तो फिरवून सरकारची बाजू उचलली. अखेर १९६९ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. कायद्याचें ७४ वें कलम असें आहे कीं, करारांत एखादी रक्कम दंड म्हणून आधींच ठरविलेली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आंत वाजवी तेवढीच भरपाई देईल. कांहीं नुकसानी अशा असतात कीं, त्या पैशांत मोजतांच येत नाहींत. तेथें ठरविलेली रक्कम प्रामाणिक अंदाज म्हणून मान्य करतां येते. परंतु बटाटे, कोंबड्या, अंडीं आणि मासे यांचें तसें नाहीं. मौला बक्षचा माल कमी पडला त्या वेळीं, आणि करार रद्द झाल्यावर, सरकारनें तोच माल कोणत्या भावानें घेतला व त्यापायीं वरखर्च काय झाला, हें पुराव्यानें दाखवितां आलें असतें. सरकारनें तसा प्रयत्नच केला नाहीं. म्हणून अनामत परत करावी लागली.

श्रोतेहो, या निकालाचें मर्म ध्यानांत घ्यावें. कसूर कंत्राटदाराची होती, हें न्यायालयानें नाकारलें नाहीं. तथापि तूट पडली एवढ्यावरून तोटा सिद्ध होत नाहीं. सरकारचें नुकसान झालें नसेल असें कोणीं म्हटलें नाहीं. तें किती झालें, हें सरकारनें सांगितलें नाहीं. ज्यानें एका दिवसाच्या खरेदीचीहि पावती पुढें ठेवली नाहीं, त्याला साडेअठरा हजार ठेवून घेतां आले नाहींत.

म्हणून अशा धंद्यांत असलेल्या श्रोत्यांना माझें सांगणें आहे. माल फाटकावर येतांच मोजावा आणि चिठ्ठीवर दोघांच्याहि सह्या घ्याव्या. जिवंत वजन किती आलें आणि साफ माल किती उतरला, याची रोजची नोंद ठेवावी. माल कमी आला कीं त्याच दिवशीं लेखी कळवावें. दुसरीकडून माल घेतल्यास पावती, आणि न मिळाल्यास नकाराचा कागद जपून ठेवावा. मोबाइलवरील संदेशहि पुरावा म्हणून चालतो. मात्र न्यायालयांत तो देतांना कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र जोडावें लागतें. आणि आलेल्या मालाचे पैसे अडवून ठेवूं नयेत. १९३० सालच्या माल-विक्रीच्या कायद्याप्रमाणें, कमी आलेला माल आपण परत न पाठवितां ठेवून घेतला, तर त्याचे पैसे कराराच्या दरानें द्यावे लागतात. तुटीच्या भरपाईचा हक्क त्यामुळें जात नाहीं, परंतु देणें तें देणेंच.

व्यापारी भांडणांसाठीं २०१५ सालीं निराळ्या न्यायालयांचा कायदा झाला. २०१८ सालीं त्याची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आणली गेली आणि तांतडीचा हुकूम मागावयाचा नसेल तर दाव्यापूर्वीं मध्यस्थी आवश्यक करण्यांत आली. माझ्या विद्यार्थ्याला तेथवर जावें लागलें नाहीं. तो वह्या घेऊन पोल्ट्रीवाल्याकडेच गेला. पोल्ट्रीवाल्यानें वजनाच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, बाजारच्या पावत्या पाहिल्या, आणि जादा भाड्याच्या ५,००० रुपयांची पावती मागितली. ती नव्हती. माझ्या विद्यार्थ्यानें तो आंकडा आपण होऊन खोडला. उरले ८२,५००. ते वजा करून ५,१७,५०० रुपये त्यानें त्याच आठवड्यांत चुकते केले.

पुढील महिन्याचा करार त्याच दोघांमध्यें झाला. त्यांत वजन कोठें करावयाचें, उतारा कसा धरावयाचा आणि तूट पडल्यास भरपाई कशी मोजावयाची, हीं तीन कलमें नवीं होतीं. कागद दाखवावयास तो माझ्याकडे आला, तेव्हां मीं त्याला विचारलें, "बेरीज तपासावयाची आहे काय?" तो हंसला आणि म्हणाला, "नाहीं मास्तर, वजाबाकी."